टाच वळवताना

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, ह्यांच्या पायातले मोजे काढत होते. ह्यांना हल्ली वाकवत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलेलं आहे. मोजा काढला आणि घोट्याच्या वर लक्ष गेलं. इलॅस्टिकचा वळ उठला होता. नुसता वळही नाही, खाचच पडली होती. बोट फिरवलं तर खोलगट लागत होती.

"अहो, टोचत नव्हतं का?" मी विचारलं.

"काय टोचायचं?" हे म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण नाही. त्यांना खरोखरच काही टोचलं नव्हतं.

बावीस वर्षं मधुमेह आहे. गोळ्या, पथ्य, सकाळचं फिरणं सगळं बऱ्यापैकी नेमाने चाललेलं. साखर वाढली की डोळे बघायचे, मूत्रपिंड बघायचं, हे आम्हाला पाठ होतं. पायांकडे मात्र कोणी बघितलं नव्हतं. त्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एका छोट्या दांडीला लावलेला नायलॉनचा जाडसर धागा तळपायाला एकेका ठिकाणी टेकवायला सुरुवात केली. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो धागा वाकतो, अशा बेताने केलेला असतो म्हणे. स्पर्श कळला की 'हो' म्हणायचं, एवढंच. डावा पाय झाला, तिथे दोन-तीनदा 'हो' आलं. उजव्या पायाला सहा ठिकाणी धागा टेकवून झाला तरी हे गप्प. शेवटी डोळे मिटलेलेच ठेवून ह्यांनी विचारलं,

"डॉक्टर, सुरू कधी करणार?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मग सूचना मिळाल्या. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. देवळात गेलात तर दुपारच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही, कारण पाय भाजेल आणि कळणार नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून खडा-बिडा बघायचा. रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या उजेडात तपासायच्या. मोजे सैल तोंडाचे हवेत, आत शिवण नको, गाठ नको. आणि रंग पांढरा किंवा फिकट. तो कशासाठी, असं मी विचारलं. तर कुठे जखम होऊन रक्त किंवा पू आला तर डाग चटकन दिसावा म्हणून. इतकं साधं, सरळ कारण. पण ते ऐकून घरी येईपर्यंत रिक्षात आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मधुमेहींसाठीचे खास मोजे बाजारात मिळतात. आणले. डाव्या पायाला अगदी झकास बसले. उजव्याचं जमेना. 1988 साली ह्यांचा स्कूटरवरून अपघात झाला होता, तेव्हा उजवा घोटा मोडला. हाड सांधलं, पण घोटा जाडच राहिला आणि पाऊल जरा बसकं झालं. त्यामुळे तयार मोज्याची टाच ह्यांच्या टाचेवर बसतच नाही, घसरून तळव्याखाली येते आणि तिथे चुणी पडते. आपल्याला चुणी टोचली की आपण थांबतो, मोजा वर ओढतो, पुढे चालायला लागतो. ह्यांनी त्या चुणीवर दिवसभर चालून दाखवलं असतं.

तर अशा रीतीने मी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी मोजे विणायला बसले.

आता आमच्या नातेवाईकांना ठाऊक आहे की विणकाम हा आमच्या घरात ताईचा प्रांत होता, माझा नव्हे. ताईच्या हातात सतत सुया. घराण्यातल्या प्रत्येक बाळाचं टोपडं, झबलं, पायमोजे तिचे. मी पुस्तकातली. माझं एकूण विणकाम म्हणजे 1962 साली, चीनशी युद्ध चालू असताना, जवानांसाठी म्हणून शाळेत आमच्या हातात सुया दिल्या तेव्हा विणलेला दीड वीत मफलर. बारा वर्षांची होते मी. माझा मफलर एका टोकाला वीस टाक्यांचा होता आणि दुसऱ्या टोकाला सव्वीस. बाईंनी तो तसाच पेटीत टाकला की मागून उसवला, कोण जाणे. हिमालयातल्या कुण्या जवानाच्या गळ्यात तो पडला असेल तर त्याची आज माफी मागते. पण सुलट-उलट टाका तेवढा डोक्यात राहून गेला होता.

ताई आता नाही. तिची मुलगी जर्मनीत असते, ती डिसेंबरात आली. हिला तिथे गेल्यावर विणकामाचा नाद लागला. तिथे मोज्यांची वेगळी लोकर मिळते, पंच्याहत्तर टक्के लोकर आणि पंचवीस टक्के नायलॉन. नुसती लोकर टाचेपाशी लवकर विरते, नायलॉनमुळे टिकते. शंभर ग्रॅमच्या गुंड्यात 420 मीटर धागा असतो आणि त्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो. तिने येताना सायीच्या रंगाचे दोन गुंडे आणले आणि अडीच मिलिमीटरच्या पाच सुया. दोन्हीकडे टोक असलेल्या, जवळजवळ काड्यापेटीतल्या काड्यांइतक्या बारीक.

"तू विणून दे ना," मी म्हटलं.

"एक जोड मी देईन मावशी. पण काकांना रोज धुतलेला मोजा लागणार. तूच शीक."

चार दिवस राहिली, तेवढ्यात मला बसवून सुरुवात करून दिली. साठ टाके घातले. तोंड सैल राहावं म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांवर घालायचे, मग एक सुई काढून घ्यायची. मग चार सुयांवर पंधरा-पंधरा वाटायचे आणि पाचव्या सुईने गोल विणत जायचं. गोल जोडताना टाक्यांच्या कडा सगळ्या एका बाजूला आहेत ना, हे बघायचं. मी नाही बघितलं. दोन बोटं विणून झाल्यावर लक्षात आलं की मोज्याला मधेच पीळ पडलाय. पीळ पडलेली नळी सरळ करता येत नाही. उसवणे, एवढा एकच उपाय. हातात ते साळिंदर धरून मी बसलेली आणि हे शेजारी पेपर वाचता वाचता म्हणतात, "अगं, डोळ्यात जाईल सुई."

दोन सुलट, दोन उलट असं विणत गेलं की काठाला आपोआप ताण येतो. इलॅस्टिक नको, काही नको. हे मात्र मला फार आवडलं. आवळत नाही आणि घसरतही नाही. सहा इंच विणेपर्यंत हात बसला. भाचीचा परत जायचा दिवस आला. "टाच आली की व्हिडिओ कॉल कर," असं सांगून ती गेली.

टाच आली संक्रांतीच्या आधी.

आता ज्यांनी कधी विणलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोजा म्हणजे एक नळी. पण पाय काही नळीसारखा नसतो. तो खाली येतो, मागे फुगतो आणि काटकोनात पुढे वळतो. शिंपी असता तर कापड कापून, शिवण घालून वळण दिलं असतं. विणकामात कापायचं नाही, शिवायचं नाही, एकच सलग धागा. त्यालाच खोलगट वाटीसारखा आकार द्यायचा. 'टाच वळवणं' म्हणतात ते हेच.

आधी निम्मे टाके, म्हणजे तीस, दोन सुयांवर तसेच थांबवून ठेवायचे. ते पायाच्या वरच्या बाजूचे. उरलेल्या तिसांवर मागे-पुढे करत तीस ओळींचा चौकोन विणायचा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायचा. म्हणजे कडेला साखळी तयार होते, तीस ओळींना पंधरा कड्या. इथपर्यंत ठीक. चौकोन झाला. पडद्यावर भाची, तिच्याकडे दुपार, माझ्याकडे रात्र.

"आता सतरा सुलट."

"झाले."

"पुढच्या दोनाचा एक कर. मग एक सुलट."

"झालं."

"आता काम फिरव."

"अगं, अजून दहा टाके आहेत सुईवर!"

"असू देत. ते तसेच सोड. फिरव."

मंडळी, हे माझ्याच्याने होईना. ओळ अर्धवट सोडायची? चौतीस वर्षं मी वर्गात ओरडून ओरडून सांगितलं, ओळ पुरी करा, वाक्य पुरं करा, मग मान वर करा. मी तिला म्हटलं, "आधी मला समजावून सांग, का सोडायचे. समजल्याशिवाय मी करणार नाही."

ती हसली. "मावशी, समजून करता येत नाही हे. करून समजतं. तू कर."

आईसारखीच आहे अगदी. ताईसुद्धा कधी काही समजावून सांगायची नाही. "बघ" म्हणायची आणि भराभर चार ओळी विणून मोकळी व्हायची.

त्या रात्री इंटरनेट गेलं आणि मी माझ्या शहाणपणाने ते दहा टाके विणून ओळ पूर्ण केली. पुढची ओळही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आकार-बिकार काही नाही, नुसता कडेला आखडलेला चौकोन. उसवलं. दुसऱ्या खेपेला टाके सोडले, पण फिरवताना पहिला टाका उचलायचा विसरले, त्यामुळे कुठे फिरवलं होतं तेच कळेना. उसवलं. तिसऱ्या खेपेला सोफ्यावर बसून विणत होते, दारावर दूधवाला आला, उठले आणि एक सुई सुळकन निसटली. सात टाके मोकळे! ते काय झालं असेल ते विणणाऱ्यांना सांगायला नको. पुन्हा उसवलं. एव्हाना तेवढ्या भागातली लोकर पिंजून केसाळ झाली होती.

मी रडले नाही, पण सुया टेबलावर आपटल्या. हे टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "अगं, बाजारातून आणू की दुसरे."

"गप्प बसा," मी म्हटलं.

चौथ्या खेपेला मी मुकाट्याने, काही न विचारता, सांगितल्याबरहुकूम केलं. सतरा सुलट, दोनाचा एक, एक सुलट, फिरव. एक उचल, पाच उलट, दोनाचा एक, एक उलट, फिरव. आता दोन्ही कडांना दहा-दहा टाके नुसते उभे आणि मध्ये आठांचा एक छोटा पट्टा. पुन्हा एक उचल, सहा सुलट... आणि इथे मला ती दिसली. जिथून मी मागे फिरले होते तिथे दोन टाक्यांच्या मध्ये एक फट पडली होती. बारीकशी खिंडच म्हणा. पुढचा 'दोनाचा एक' करायचा तो नेमका या खिंडीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक घेऊन. खिंड बुजते, आणखी एक टाका पुढे जायचं, फिरायचं. दर ओळीला मागे वाट बघत उभ्या असलेल्यांपैकी दोघे आत येतात. मोजायचीसुद्धा गरज नाही! खिंड दिसली की कळतं कुठे यायचं ते. पाच, सहा, सात, आठ करत पंधरापर्यंत गेलं, बारा ओळी झाल्या, तिसाचे अठरा उरले. आणि माझ्या हातात एक वाटी होती. टाचेएवढी. मी तिच्यात अंगठा घालून बघितला, मग मूठ घालून बघितली.

मधले टाके पुन्हा पुन्हा विणले जातात, कडेचे थांबतात. म्हणून मध्यभाग लांब होतो, कडा तोकड्या राहतात आणि कापड आपसूक फुगतं. मी ओळ पुरी करत होते तोवर सगळीकडे सारखंच वाढत होतं, त्याला वळायला कारणच नव्हतं.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हे झोपले होते. सांगायला कोणी नाही, म्हणून ती वाटी हातात घेऊन मी जरा वेळ बसून राहिले.

शब्दांचा नाद काही सुटत नाही, त्यामुळे त्या रात्री डोक्यात 'टाच' घोळत होती. मोजा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, तिकडे 'मोजा' म्हणजे बूट. टाच मात्र अस्सल आपली. टाचा घासणं आहे, मिळकतीवर टाच येणं आहे. आणि आम्हा शिक्षकांचं 'टाचण' आहे. पाठ टाचण! रोज सकाळी वहीत लिहायचं, आज अमुक घटक, तमुक उद्दिष्ट, इतकी मिनिटं. जूनमध्ये सुरू करायचं आणि मार्चच्या आत 'पोर्शन' पुरा. चौतीस वर्षांत माझा पोर्शन एकदाही राहिला नाही. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी हे मुद्दाम सांगितलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

एक मुलगा आठवला. आठवीतला, खिडकीशी बसायचा. मी प्रयोग शिकवत होते. कर्तरी, कर्मणी झालं, भावेवर आलो. 'रामाने रावणास मारले.' याने हात वर केला. "बाई, मारलं रामानेच ना? मग 'राम मारला' का नाही? आणि सीतेने मारलं तरी 'मारले'च का?" खरं तर किती छान प्रश्न होता! तो खिंडीपाशी उभा होता. तिथून मी दोन ओळी मागे आले असते, कर्तरीपासून पुन्हा निघाले असते, तर तो आत आला असता आणि त्याच्या मागचे आणखी दोघे-चौघेही आले असते. मी म्हटलं, "नियम आहे तो. पाठ कर." पुढच्या तासाला समास सुरू करायचे होते. मी ओळ पुरी केली.

त्यानंतर त्याने हात वर केल्याचं मला आठवत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी तो बसस्टँडवर भेटला. चांगला पोटबिट सुटलेला, बरोबर बायको आणि मुलगी. भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि मुलीला म्हणाला, "ह्या आमच्या बाई. ह्यांनी व्याकरण इतकं पक्कं करून घेतलं ना, की विचारू नको!" मी हसले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला खरं सांगायचं मनात आलं होतं, तेवढ्यात त्यांची गाडी लागली. असो.

टाच वळली की पुढचं सोपं. कडेच्या साखळीतून दोन्हीकडे पंधरा-पंधरा टाके उचलायचे. अठरा, पंधरा, पंधरा आणि थांबवलेले तीस मिळून अठ्ठ्याहत्तर. मग एकाआड एक फेरीला दोन टाके कमी करत पुन्हा साठावर यायचं. मग सरळ पाऊल. ह्यांच्या पावलाचं माप घ्यायला कागदावर पाय ठेवायला सांगितला आणि पेन्सिलीने भोवती रेघ मारली. लग्नाला पन्नास वर्षं झाली, पण ह्यांचा पाय इतक्या जवळून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. उजव्या करंगळीचं नख जवळजवळ नाहीसंच झालं आहे. डाव्या टाचेला एक पांढरी जुनी खूण आहे. "ही कसली?" विचारलं तर म्हणाले, लहानपणी विहिरीत उडी मारताना कपार लागली होती. "तेव्हा दुखलं होतं," असंही म्हणाले.

चवडा झाला, पुढचे टाके दाभणाने एकमेकांत ओवून मिटवले. तिथे शिवणीचा उंचवटा येत नाही, ओवलेली ओळ विणल्यासारखीच दिसते. एक मोजा तयार!

हौसेने ह्यांच्या पायात घातला. टाच टाचेवर बसली. "कसा वाटतो?"

"छान आहे," हे म्हणाले. आणि जरा थांबून, "म्हणजे, दिसतो छान. वाटतो कसा ते मला काय कळणार?"

बरोबरच होतं. कसा वाटतो हे त्यांना विचारण्यात काही अर्थच नव्हता. तेव्हा मी तो मोजा त्यांच्या पायातून काढला आणि माझ्या डाव्या पायात घातला. मला मोठा होता. तसाच ओढून धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. चौथ्या की पाचव्या फेरीला टाचेखाली काहीतरी जाणवलं. बारीकसं. तांदळाच्या कणीएवढं. दुखत नव्हतं, फक्त होतं.

गाठ होती. ती उसवाउसवी झाली तेव्हा पिंजलेली लोकर मी कापून टाकली होती आणि नवीन टोक घाईत गाठ मारून जोडलं होतं. भाचीने बजावलं होतं, गाठ मारायची नाही, जुना-नवा धागा काही टाके बरोबर विणायचा आणि टोकं मागाहून आत ओवून टाकायची. मला ते आठवत होतं. पण ती गाठ मारली त्या क्षणी माझ्या मनात जे आलं होतं तेही आता लख्ख आठवलं. मनात आलं होतं, एवढीशी गाठ, ह्यांना थोडीच कळणार आहे.

खरंच कळली नसती. त्या कणीवर हे रोज सकाळी दोन मैल चालले असते. आठ दिवस, पंधरा दिवस. आणि मग एके दिवशी सायीच्या रंगाच्या मोज्यावर डाग दिसला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चवड्यापासून उसवायला घेतलं. ह्यांनी बघितलं. "आता काय झालं? चांगला होता की."

"गाठ राहिलीय टाचेत."

"मला तर नाही लागली."

"म्हणूनच," मी म्हटलं.

हे काही बोलले नाहीत. पेपर बाजूला ठेवला, समोर येऊन बसले आणि मी उसवत होते तो धागा बोटांवर गुंडाळून घ्यायला लागले. लोकर उसवताना गुंडाळणारं माणूस समोर असलं की फार सोपं जातं, हे मला ताई आणि आईचं बघून ठाऊक होतं. पाऊल, कडेचे टाके, टाच, सगळं उसवून आम्ही गाठीपर्यंत आलो. अर्ध्या तासात झालं. विणायला आठ दिवस लागले होते.

त्यानंतर टाच पाचव्यांदा वळवली, तेव्हा मात्र पडद्यावर कोणी नव्हतं. भीती अशी वाटलीच नाही.

उजव्या मोज्याची खरी परीक्षा होती, कारण तो पाय जाड. साठात बसेना, चौसष्ट टाके घ्यावे लागले. म्हणजे टाचेला बत्तीस. आता सतरा सुलट चालतील का? परतताना किती? भाचीला विचारायचं तर तिच्याकडे पहाट होती. कालनिर्णयचं जानेवारीचं पान उलटं करून त्यावर बत्तीस काड्या ओढल्या. सतरा, दोनाचा एक, एक, झाले वीस, उरले बारा. तर त्या बाजूलाही बाराच उरायला हवेत, म्हणजे परतताना एक उचलून पाच नव्हे, तीनच उलट. मग दर ओळीला दोघे आत, म्हणजे प्रत्येक बाजूला आणखी सहा खेपा. शेवटी पुन्हा अठरा. दोनदा पडताळून पाहिलं. गणितात मला कधी पंचावन्नाच्या वर मार्क पडले नाहीत, पण हे उत्तर बरोबर आलं. रथसप्तमीच्या आसपास उजवा मोजाही पुरा झाला. तो घालून मी दोन दिवस घरात वावरले. काही लागलं नाही. मग ह्यांना दिला.

नेटवर वाचत बसायची सवय आहे, त्यात मध्यंतरी एक फोटो पाहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेल्या लाल लोकरीच्या मोज्यांचा जोड आहे, इसवी सन 250 ते 420 च्या दरम्यानचा. आपल्या बायका चपलेत घालतात ना, तसे अंगठा वेगळा असलेले! सपातेत घालता यावेत म्हणून तसे केलेले. ते दोन सुयांवर विणलेले नाहीत, एकाच सुईने धागा ओवत ओवत केलेले आहेत. पण टाच आहे. व्यवस्थित वळवलेली, वाटीसारखी. ते कोणासाठी केले असतील आणि कितीदा उसवावे लागले असतील, हे अर्थातच तिथे लिहिलेलं नव्हतं.

आता दुसरा जोड सुयांवर आहे, म्हणजे एक पायात, एक दोरीवर असं करता येईल. भाचीचाही जोड पोस्टाने आला. तो माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे. पण दोन्ही मोजे सारख्या मापाचे आहेत, त्यामुळे त्यातला डावाच वापरात आहे.

रात्री जेवणं आटोपली की हे खुर्चीत बसतात, मी समोर पाटावर बसते. बॅटरी घेऊन तळवे बघते, टाचा बघते, बेचक्या बघते. मोजा उलटा करून उजेडात धरते. मग दोन्ही मोजे धुऊन दोरीवर वाळत घालते, एक मोठा, एक लहान. समोरच्या वहिनींनी परवा विचारलंच, "काय हो, मोजे चुकून दुसऱ्यांचे आले का?"